अब्रू कोणाची जाते? : लैंगिक अत्याचार आणि कायद्याने दिलेले हक्क

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींची गळती, नोकरीच्या वाटा अशा विषयांवर बोलले जाते. ते योग्यच आहे. आज मी निवडलेला विषय ऐकून मात्र काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. लैंगिक अत्याचार हा शब्द आपल्याकडे चारचौघांत उच्चारला जात नाही, आणि मुले समोर बसलेली असताना तर नाहीच नाही. परंतु ज्या गोष्टीचे नावसुद्धा घ्यायचे नाही असे आपण मुलांना शिकवतो, त्या गोष्टीची तक्रार ती मुले कोणत्या शब्दांत करणार? हा प्रश्न मी आपल्यापुढे प्रथमच ठेवतो.

मी वकील नाही, शिक्षक आहे. नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवताना हक्क आणि कर्तव्ये हा धडा येतो, तेव्हा जे सांगावेसे वाटते ते आज सविस्तर सांगणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला आजच्या कायद्याने बरेच हक्क दिले आहेत. परंतु त्या हक्कांची पहिली पायरी पोलीस ठाण्याची नसून आपल्या घराच्या उंबऱ्याची आहे. मुलगी किंवा मुलगा पहिल्यांदा तोंड उघडतो, तेव्हा आईबापांच्या तोंडून जे पहिले वाक्य निघते, त्यावर पुढचे जवळजवळ सर्व अवलंबून असते. "तू तिथे गेलीसच कशाला?" हे एक वाक्य. "तुझी काही चूक नाही, आम्ही तुझ्याबरोबर आहोत," हे दुसरे. पहिल्या वाक्याने दार बंद होते, दुसऱ्याने उघडते.

अत्याचार म्हणजे काय?

१ जुलै २०२४ पासून १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. ही व्याख्या २०१३ च्या दुरुस्तीपासून पुष्कळ विस्तृत झाली असून शरीराच्या कोणत्याही अवयवाने किंवा एखाद्या वस्तूने केलेली जबरदस्तीही तीत येते. कलम ६४ प्रमाणे या गुन्ह्याला किमान दहा वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. पीडित मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर किमान शिक्षा वीस वर्षांची आहे. याशिवाय विनयभंग, अश्लील बोलणे वा मागणी करणे, चोरून पाहणे किंवा चित्रण करणे, मोबाईलवरून वा रस्त्यात सतत पाठलाग करणे, हे सर्व वेगवेगळे गुन्हे कलम ७४ ते ७९ मध्ये दिलेले आहेत. "नुसता हात लावला, त्यात काय झाले?" या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे की तोही गुन्हाच झाला.

या सर्वांचा पाया संमती या शब्दात आहे. संमती म्हणजे स्वखुशीने, शब्दांनी वा कृतीने स्पष्टपणे दिलेला होकार. भीतीने गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तर तिच्या संमतीला काही अर्थच नाही. पत्नीचे वय अठराहून कमी असेल तर नवऱ्यालाही ही सवलत नाही, हे लहान वयात मुलींचे निकाह उरकण्याची घाई करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता एक गैरसमज. आपण मुलींना अंधाऱ्या गल्लीची आणि अनोळखी माणसाची भीती घालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभरात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेल्याचे दिसते. या अहवालांतून वर्षानुवर्षे एकच गोष्ट पुढे येते. दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, कामाच्या ठिकाणचा माणूस, शिकवणारा, लग्नाचे वचन देणारा. म्हणजे धोका बहुतेक वेळा बुरखा घालून टाळता येणारा नसतो, की मुलीचे शिक्षण बंद करून टळणारा नसतो. तो आपण ज्याला चहा पाजतो, ज्याला चाचा किंवा भाईजान म्हणतो, अशा माणसाच्या रूपाने घरात येऊन बसलेला असू शकतो. म्हणूनच मूल जेव्हा एखाद्या जवळच्या माणसाचे नाव घेते, तेव्हा "तो असे करणारच नाही" असे म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

देसाईगंजची मुलगी

हा कायदा आपोआप शहाणा झाला नाही. त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातील एका गरीब मुलीची कहाणी आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, घरच्या एका तक्रारीच्या संदर्भात रात्री आणलेल्या अल्पवयीन आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. आईवडील नव्हते, मोलमजुरी करून ती जगत होती. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्याविषयी ताशेरे मारून दोन्ही पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी धरले. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष ठरवले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहून विचारले की, शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक न्यायालयाला दिसू नये काय? त्या पत्राने देश जागा झाला. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी अत्याचार झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते प्रथमदर्शनी खरे धरावे अशी तरतूद झाली. सुनावणी बंद दालनात घेण्याचा आणि पीडितेचे नाव छापण्यास मनाई करण्याचा नियमही तेव्हाचाच. पुढे २००२ च्या दुरुस्तीने तिच्या पूर्वचारित्र्याचा दाखला देऊन साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातील कलम गेले. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालामागोमाग २०१३ चा कायदा आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अत्याचारित स्त्रीची तथाकथित 'दोन बोटांची तपासणी' करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण तिच्यानंतर आलेल्या लाखो मुलींना जो आधार मिळाला, तो तिच्यामुळे मिळाला. तिचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि तिचे नाव तिने स्वतःच देशासमोर येऊ दिले आहे. गुजरातमध्ये २००२ च्या दंगलीत गर्भवती असलेल्या बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला, डोळ्यांसमोर लहान मुलीसह कुटुंबातील माणसे मारली गेली. स्थानिक पोलिसांनी पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद केले. त्या थांबल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि २००४ मध्ये खटला मुंबईला हलवला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपये भरपाई, नोकरी व घर देण्याचा आदेश केला. ऑगस्ट २०२२ मध्ये आरोपींना मुदतीआधी सोडण्यात आले, तेव्हा त्या पुन्हा न्यायालयात गेल्या आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ती सूट रद्द झाली. बावीस वर्षांचा हा लढा. या साऱ्या काळात नवरा त्यांच्या बाजूला उभा राहिला, ही गोष्ट येथे बसलेल्या पुरुषांनी विशेष लक्षात ठेवावी.

प्रसंग आलाच तर काय करावे?

आता प्रत्यक्षाकडे वळतो. अल्ला करो आणि कोणावर ही वेळ न येवो. परंतु आली तर काय करायचे ते आधी माहीत असलेले बरे.

पहिली गोष्ट, दवाखाना. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारित व्यक्तीवर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. फिर्याद नोंदवलेली नाही या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. नाकारल्यास संबंधितांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शक्य असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत जपून ठेवावेत. आपल्या घरांत अशा वेळी मुलीला प्रथम अंघोळ घालण्याची घाई होते, आणि तिच्याबरोबर पुरावाही वाहून जातो. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे पहिल्या ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहिलाच तर अशा स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची मुभा आहे. तपासणीसाठी तिची, आणि लहान मूल असेल तर पालकांची, संमती लागते. उशीर झाला असला तरी दवाखान्यात जावेच. उपचार तरी होतात.

दुसरी गोष्ट, पोलीस. घटना कोठेही घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. "ही आमची हद्द नाही" हे उत्तर आता चालत नाही. याला झिरो एफ.आय.आर. म्हणतात. बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यावा, आणि त्या वेळी आईवडील किंवा जवळचे माणूस हजर असावे, अशी तरतूद आहे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. जो अधिकारी अशा गुन्ह्याची फिर्याद घेत नाही, त्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. तरीही घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे, आणि त्यानेही भागले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. हे तीन आकडे आज घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट, कोर्ट. साक्षीदार कोण, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. आपल्या समाजात काहींचा समज आहे की चार साक्षीदार असल्याशिवाय असा आरोप करताच येत नाही. भारताचा फौजदारी कायदा सर्व धर्मांच्या नागरिकांना एकच आहे. निकाह-तलाकसारखा तो व्यक्तिगत कायद्याचा विषय नाही. पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, आणि फिर्याद द्यायला उशीर झाला एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमीत सिंग खटल्यात सांगितले आहे. सुनावणी बंद दालनात होते. पीडितेचे नाव किंवा ओळख जाहीर करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो फिरवणाऱ्या तरुणांनी हे विसरू नये.

खर्चाची भीती वाटणे साहजिक आहे. पण स्त्रिया आणि मुले यांना, घरचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे वकील मोफत मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महाराष्ट्र शासनाची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना अत्याचारग्रस्त स्त्रिया व मुलांना अर्थसाहाय्य देते. केंद्राच्या 'सखी' केंद्रांत उपचार, पोलीस, वकील आणि समुपदेशन यांची मदत एका छताखाली मिळावी अशी व्यवस्था आहे. तपास दोन महिन्यांत पुरा करावा असा नियम असला, तरी कोर्टात पुष्कळदा वर्षे जातात. हे मी लपवून ठेवत नाही. त्या वर्षांत घरच्यांची साथ हाच मोठा आधार असतो.

लहान मुले आणि आमची जबाबदारी

अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी पोक्सो हा वेगळा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो मुलग्यांनाही लागू आहे. मुलग्यांवरही अत्याचार होतात, आणि "मर्द आहेस, रडतोस काय" या वाक्याने त्यांची तोंडे आपण मुलींपेक्षाही घट्ट बंद करतो. या कायद्यात मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, कोर्टात आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ देऊ नये, मुलाला दरडावून प्रश्न विचारू नयेत, इतका बारकाईने विचार केलेला आहे.

शाळा किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा नोकरीतील माणसाने हा गुन्हा केला, तर कायदा तो अधिक गंभीर मानतो. मी शिक्षक म्हणून सांगतो की ते योग्यच आहे. ज्याच्या हाती आपण मूल विश्वासाने सोपवतो, त्याला सूट कशाची?

या कायद्याचे कलम १९ प्रत्येक पालकाने, शिक्षकाने आणि जमातीच्या पंचांनी समजून घेतले पाहिजे. मुलावर असा अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला, हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवल्याबद्दल, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. "शाळेचे नाव खराब होईल" हे कारण कायद्याला मान्य नाही. प्रकरण दडपल्यामुळे शाळेचे नाव जितके खराब होते तितके ते कळवल्यामुळे होत नाही.

मिटवामिटवी

आता सर्वांत अवघड मुद्दा. असे प्रकरण झाले की दोन्ही घरचे वडील माणसे बसतात. कोणी म्हणतो, काही रक्कम देऊन मिटवा. कोणी म्हणतो, दोघांचा निकाह लावून द्या म्हणजे झाकून जाईल. हेतू वाईट नसतो, असे मी समजतो. परंतु ज्याने मुलीवर जबरदस्ती केली त्याच्याच घरी तिला जन्मभर पाठवणे, ही शिक्षा कोणाला झाली? बलात्कार हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. मार्च २०२१ मध्ये अपर्णा भट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांनाही बजावले आहे की, अशा प्रकरणात तडजोड किंवा लग्न सुचवू नये. जे न्यायाधीशाने सुचवायचे नाही, ते मोहल्ल्याच्या बैठकीने कोणत्या अधिकारात सुचवावे?

दुसरी एक खंत बोलून दाखवतो. आरोपी दुसऱ्या समाजाचा असला की आपण मोर्चा काढतो, आपल्यातला असला की पडदा टाकतो. दुसरे समाजही हेच करतात, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष देताना स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध जावे लागले तरी मागे हटू नये, अशी ताकीद आहे. ती केवळ तिलावतीसाठी आहे काय?

"पण तक्रार खोटी असली तर?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. खरेखोटे तपासण्यासाठीच पोलीस, डॉक्टर आणि न्यायालय आहे, आणि आरोपीलाही वकिलाचा व बचावाचा पूर्ण हक्क आहे. घरच्यांचे काम न्यायाधीशाचे नाही. आपले काम ऐकून घेण्याचे, धीर देण्याचे आणि बरोबर चालण्याचे आहे.

शेवटी विद्यार्थ्यांना

मुलींनो, तुम्हाला जे नकोसे वाटते त्याला नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, समोरचा माणूस वयाने वा नात्याने कितीही मोठा असो. एका मोठ्या माणसाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. अम्मीला, आपाला, बाईंना, कोणालाही. सांगत राहा.

मुलग्यांनो, संरक्षण म्हणजे बहिणीवर पहारा ठेवणे नव्हे. मित्रांच्या घोळक्यात एखाद्या मुलीविषयी घाणेरडे बोलणे चालू असेल, तर ते थांबवणे हे संरक्षण. गप्प राहून हसणारा मित्रही त्यात सामील असतो. आणि तुमच्यापैकी कोणावर असे काही गुदरले असेल तर तुमची मर्दानगी कमी होत नाही. तुम्हीही सांगा.

पालकहो, अब्रू हा आपल्याकडे फार मोठा शब्द आहे, आणि असावा. पण घरात चोरी झाली तर आपण चोराला नावे ठेवतो, घरमालकाची इज्जत गेली असे म्हणत नाही. मग येथेच उलटा न्याय का? अब्रू जाते ती गुन्हा करणाराची. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याची अब्रू जशीच्या तशी राहते, आणि तो न्याय मागायला उभा राहिला तर ती वाढते. एवढी एक गोष्ट आपल्या घरांत रुजली, तर कायद्याने दिलेले हक्क आपल्या लेकरांपर्यंत पोहोचतील. आज रात्री जेवणाच्या दस्तरखानावर आपल्या मुलांना एवढेच सांगा : काहीही झाले तरी आम्हाला येऊन सांग, आम्ही रागावणार नाही. आणि मग तो शब्द पाळा.